गुरुवारचा चहा

नगरहून मनमाड रस्त्याने निघालं की सीनेच्या पुलापाशी नागापूर लागतं. एके काळचं गाव, आता महानगरपालिकेतला एक भाग. पुढे एमआयडीसी, त्यामुळे शिफ्ट सुटली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. या रस्त्याच्या कडेला, एका नाल्याला लागून, मामांची चहाची टपरी होती. मामा नेमके कुणाचे मामा, हे कुणी विचारत नसे. मामा, अण्णा, वहिनी आणि शेठ ही माणसं या गोष्टीतली आहेत, त्यांना शोधायला नागापुरात जाऊ नका. नदी, पूल आणि विळदची पाइपलाइन मात्र खरी आहे.

टपरीवर गुरुवारी सकाळी अण्णांच्या साप्ताहिकाचा अंक येई. चार पानांचा अंक, म्हणजे एकच मोठा कागद मधोमध दुमडलेला. मामा तो दुमडीवर अलगद फाडून त्याचे दोन तुकडे करत, म्हणजे दोन गिऱ्हाइकांना एकदम वाचता येई. अंकाची किंमत पाच रुपये. त्या पाच रुपयांत दुपारपर्यंत चाळीस-पन्नास माणसं वाचून जात आणि संध्याकाळी त्याच कागदात भजी बांधली जात.

काय असे त्या अंकात? विळदला पाइपलाइन फुटली, पाणी अमुक दिवशी सुटेल. रेशनचा गहू आला, तांदूळ आला नाही. डीपी तिसऱ्यांदा जळाला. कुणाचा दशक्रिया विधी, कुणाची हरवलेली शेळी. आणि दुसऱ्या पानावर, फारसं कुणी वाचत नसे त्या कोपऱ्यात, महापालिकेच्या सभेत नागापूरविषयी कोण काय बोललं आणि कोण गप्प बसलं, ते ठरावाच्या क्रमांकासकट. मोठ्या दैनिकांना नागापूर आठवतं ते पुलाजवळ अपघात झाला की. त्यांचं तरी काय चुकतं? अख्ख्या शहराला मोजके बातमीदार, त्यांनी कुठं कुठं पुरायचं? पण गटारीच्या टेंडरवर तीन तास चाललेली चर्चा कुणीतरी खुर्चीत बसून ऐकावी लागते. ते काम अण्णा करत.

अण्णा मूळचे नेवासा तालुक्यातले. तरुणपणी नगरला एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले, तिथून ट्रेडल मशीनवर गेले, ऑफसेट आल्यावर नोकरी गेली. तेव्हा स्वतःचं साप्ताहिक काढलं. एवढा धीर कुठून आला, असं कुणी विचारलं की ते तरवडीचं नाव घेत. नेवासा तालुक्यातल्या या खेड्यातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ काढत. वडील कृष्णराव भालेकर, म्हणजे 1877 साली ‘दीनबंधु’ सुरू करणारे सत्यशोधक. मुकुंदराव दत्तक गेले पाटलांच्या घरी. 1910 च्या नोव्हेंबरात त्यांनी सोमठाण्याहून साप्ताहिक ‘दीनमित्र’ सुरू केलं, पुढे बिऱ्हाड तरवडीला हलवलं आणि 1967 साली डोळे मिटेपर्यंत ते चालवलं. सत्तावन्न वर्षं, तेही एका खेड्यातून! तालुक्याचं गाव नाही, पुणं-मुंबई तर नाहीच. कुळकर्ण्यांचा कारभार, सावकाराचं व्याज, भटभिक्षुकांचं प्रस्थ यांवर ते शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत लिहीत.

‘‘आणि नगरला ‘ज्ञानोदय’ तर 1842 लाच निघाला,’’ अण्णा पुढं सांगत. ‘‘पण त्याच्या मागं अमेरिकन मिशन होतं. मुकुंदरावांच्या मागं कोण? जो वाचील तो.’’

ऐकणारे मान डोलवत आणि चहाचे पैसे देऊन निघून जात. पेपर विकत कुणी घेत नसे. वाढदिवसाचा फोटो मात्र सगळ्यांना छापून हवा असे, तोही फुकट, वर ‘अण्णा, जरा मोठा टाका’. नगरमध्ये एक पत्रकार चौकही आहे. चौकाला नाव द्यायला वर्गणी भरावी लागत नाही, ही त्यातली सोय.

साप्ताहिकाचं पोट भरत होतं ते वकिलांच्या जाहीर नोटिसांवर आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर. मग नोटिसाही मोठ्या दैनिकांकडे वळल्या. अशा वेळी शेठ आले. शेठ प्लॉट पाडून विकत. बोलायला गोड माणूस. त्यांनी अख्खं शेवटचं पान वर्षभरासाठी मागितलं, पैसे आगाऊ. अट काहीच घातली नाही. जाताना वहिनींच्या हातच्या पोह्यांचं कौतुक करून गेले.

पहिले दोन महिने झकास गेले. छापखान्याची उधारी फिटली. वहिनी घरीच प्रुफं वाचत. लग्नानंतर अण्णांनीच त्यांना शिकवलं होतं आणि आता त्या अण्णांच्या चुका काढत. एका मंगळवारी त्यांनी हाताने लिहिलेला मजकूर आणि संगणकावरून आलेलं प्रुफ शेजारी ठेवलं.

‘‘अहो, इथल्या दोन ओळी गेल्या.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘नदीकाठच्या. निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पडतायत, घेणाऱ्यांनी जलसंपदाचा नकाशा बघून घ्यावा, अशा होत्या.’’

‘‘जागा कमी पडली.’’

वहिनींनी पान उलटून दाखवलं. तळाला दोन बोटं जागा कोरी होती.

निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा जिथवर पूर येतो तिथली, आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. वर्षातले बरेच महिने सीना नाल्यासारखी पडून असते, त्यामुळे या रेषा माणसांना कागदावरच्या वाटतात. त्या दोन ओळींत शेठचं नाव नव्हतं. शेठनी फोन केला नव्हता, निरोप पाठवला नव्हता, त्यांना त्या ओळींचा पत्ताही नव्हता. ओळी अण्णांनी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. काढताना त्यांना तसं काही वाटलंही नव्हतं, आणि नेमकं तेच त्या रात्री त्यांना खाऊ लागलं. धमकी आली असती तर माणूस ताठ तरी झाला असता.

बुधवारी त्या दोन ओळी परत घातल्या आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे शेठना परत केले. वहिनी घाबरल्या नव्हत्या असं नाही. 2023 च्या फेब्रुवारीत राजापूरला पत्रकार शशिकांत वारिसे यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले, हे त्यांनी वाचलेलं होतं. अण्णा रात्री उशिरा परतले की त्या दारात उभ्या राहत. पण पैसे परत करा, हे पहिल्यांदा म्हणाल्या त्याच.

दीड महिन्यात पेपर बंद पडला. छापखानेवाला रोख मागत होता आणि रोख नव्हती. कुणाला फारसं जाणवलंही नाही. दोन-चार जणांनी विचारलं, ‘‘काय अण्णा, अंक दिसला नाही?’’ आणि उत्तराची वाट न बघता गाडीला किक मारली.

जाणवलं ते मामांना, आणि तेही गल्ल्यात. गुरुवारी इतर दिवसांपेक्षा धंदा जास्त व्हायचा, हे त्यांना माहीत होतं. का व्हायचा, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. पान हातात यायची वाट बघताना माणूस दुसरा चहा सांगायचा. पान वाचून झालं की वाद व्हायचा, वाद झाला की तिसरा. आता माणसं एक चहा पिऊन, मोबाइलमध्ये मान घालून, गुमान जाऊ लागली. पाच रुपयांच्या कागदावर आपण इतकी वर्षं किती कमावत होतो, याचा हिशेब मामांनी सिगारेटच्या पाकिटावर मांडला आणि ते जरा वरमले.

त्यात पाण्याचा घोळ झाला. विळदला पाइपलाइन फुटली, चार दिवस पाणी नाही, असा संदेश एका रात्रीत सगळ्या ग्रुपवर फिरला. बायकांनी पैसे काढून टँकर मागवले. संध्याकाळी नळाला नेहमीसारखं पाणी आलं. संदेश मागच्या वर्षीचा होता. गुरुवारचा अंक असता तर कुणीतरी विळदला फोन करून विचारलं असतं. बचत गटाच्या ताई टपरीवर येऊन म्हणाल्या, ‘‘मामा, एका टँकरच्या पैशात आम्हा दोघींची वर्षाची वर्गणी झाली असती की.’’

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं समजू नये. अमेरिकेत 2005 पासून एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रं बंद पडली. तिथल्या तीन अभ्यासकांनी 1996 ते 2015 या काळातले आकडे तपासले, तेव्हा दिसलं की जिथला स्थानिक पेपर बंद पडला तिथल्या नगरपालिकांना कर्ज महाग पडू लागलं. शंभर रुपयांमागे वर्षाला पाच ते अकरा पैसे जास्त. सावकार भोळा नसतो; ज्या पालिकेवर कुणाचं लक्ष नाही तिला तो जास्त व्याज लावतो. आणि ते व्याज भरतो पेपर विकत न घेणारा करदाता. मामांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा अभ्यास सिगारेटच्या पाकिटावर झाला होता आणि उत्तर साधारण तेच आलं होतं.

मामा अण्णांच्या घरी गेले. अण्णा कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचं प्रुफ तपासत बसले होते.

‘‘अंक काढायला आठवड्याला किती लागतात?’’

अण्णांनी आकडा सांगितला.

‘‘एवढेच? मला वाटलं लाखात असंल.’’

‘‘एवढेच आहेत, पण ते नाहीत.’’

पुढच्या गुरुवारी टपरीच्या पत्र्यावर खडूने लिहिलेलं दिसलं : ‘आज चहा 11. एक रुपया पेपरचा.’ आरडाओरडा झालाच. एकाने म्हटलं, सुट्टे नाहीत. मामांनी क्यूआर कोडकडे बोट दाखवलं, ‘‘त्याला काय सुट्टे लागतात?’’ दुसरा म्हणाला, मी पेपर वाचतच नाही. ‘‘मग तुझ्याकडं गेल्या आठवड्यात टँकर कसा आला रे?’’ तिसऱ्याने सरळ सांगितलं, मी पलीकडच्या टपरीवर जातो. गेला. दोन दिवसांनी परत आला, कारण पलीकडचा चहा पाणचट होता. लोकशाही वगैरे गोष्टींना चहाच्या चवीचा असा आधार मिळतो, हे पुस्तकात सापडणार नाही.

एका टपरीच्या रुपयावर पेपर चालत नाही, हे मामांना दोन आठवड्यांत कळलं. मग पिठाची गिरणी आली, सलून आलं, बचत गटाच्या बायकांनी अडीचशे रुपयांप्रमाणे वर्षाच्या वर्गण्या जमवल्या. कंपनीतल्या पोरांनी चार-चार जणांत एक अंक लावला. अंक पुन्हा निघू लागला. अण्णा या वेळी पहिल्या पानावर दर महिन्याला जमा-खर्च छापू लागले : वर्गणी किती, जाहिरात किती, कागद किती, छपाई किती. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला 1920 साली शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते आणि तरीही तो 1923 साली बंद पडला. नंतर ‘बहिष्कृत भारत’ काढताना बाबासाहेबांना अग्रलेखातून वाचकांपुढे पैशाचा प्रश्न मांडावा लागला. ‘‘त्यांना मागायला लाज वाटली नाही, मग मला कसली?’’ अण्णा म्हणत.

इथवर सगळं गोड झालं. गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगायच्या फंदात पडलो नसतो.

पावसाळ्याआधी अण्णांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला : सीनेला मिळणाऱ्या नाल्यांवर कोणाकोणाची बांधकामं आहेत, त्यांची यादी द्या. महिन्याभराने यादी आली. पानाला दोन रुपये भरून त्यांनी प्रत घेतली. ऐंशी नावं होती. चार पानांच्या अंकात एकदम मावणार नव्हती, म्हणून पहिली चाळीस या गुरुवारी आणि उरलेली पुढच्या गुरुवारी, यादीत होती त्याच क्रमाने छापायचं ठरलं. वहिनी प्रुफ वाचताना सतराव्या नावापाशी थांबल्या.

‘‘त्यांना आधी सांगून तरी या.’’

अण्णा संध्याकाळी टपरीवर गेले. मामांना वाटलं, चेष्टा आहे. मग लक्षात आलं, नाही.

‘‘माझं नाव गाळा, अण्णा.’’

‘‘मग चाळीसच्या चाळीस गाळावी लागतील.’’

‘‘मी रुपया-रुपया गोळा करतो तुमच्यासाठी! आणि तुम्ही मलाच विचारायला येता?’’

‘‘सगळ्यांनाच विचारतोय मामा. तुम्ही सतरावे. तुमचं काय म्हणणं असेल ते सांगा, नावाखाली दोन ओळी छापतो.’’

‘‘मला काही म्हणायचं नाही,’’ मामा म्हणाले आणि स्टोव्हला जोरात पंप मारू लागले.

गुरुवारी अंक आला. टपरीवर त्या दिवशी जत्रा भरली. आपल्याला चहा पाजणाऱ्याचं नाव यादीत वाचायला मिळणं यासारखं सुख नाही. मामांनी अंक फाडला नाही, दुमडला तसाच फळीवर टाकला. लोकांनीच ओढून घेतला. पत्र्यावरचं खडूचं अक्षर पुसलेलं होतं. चहा दहाला. अण्णा नेहमीप्रमाणे आले, चहा प्यायले, अकरा रुपये ठेवले. मामांनी एक परत सरकवला. अण्णांनी तो उचलला आणि काही न बोलता निघाले.

तीन दिवस मामांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी पत्र्याची पेटी उपसली आणि एक जुनी पावती घेऊन अण्णांचं घर गाठलं. नागापूर ग्रामपंचायत होतं तेव्हाची, शिक्क्याची.

‘‘आता छापता का माझी बाजू?’’

अण्णांनी चष्मा चढवून पावती वाचली. ‘‘छापतो. पण ही पावती धंद्याच्या कराची आहे, जागेची नाही. तेही छापावं लागेल.’’

मामांनी एक शिवी हासडली, मग वहिनी समोर आहेत हे लक्षात येऊन दुसरी गिळली. पावती मात्र टेबलावर तशीच ठेवून गेले.

दुसऱ्या गुरुवारी, अंक यायला तासभर अवकाश असताना, टपरीपुढे एक पांढरी गाडी थांबली. शेठचा माणूस उतरला. त्याने चहा सांगितला आणि बाकावर जागा करून बसला.

‘‘मामा, वाईट वाटलं तुमचं वाचून. ज्याला पोसलं त्यानंच नाव बदनाम केलं.’’

मामा गाळणीतून चहा ओतत राहिले.

‘‘तुमचं नाल्याचं आम्ही बघून घेऊ. वॉर्डात आपली माणसं आहेत. तुम्ही फक्त हे रुपयाचं खूळ बंद करा. तुम्ही सोडलं की गिरणीवाला सोडंल, सलूनवाला सोडंल. असला पेपर कशाला पाहिजे गावाला? आपल्याच माणसावर उलटतो.’’

‘‘आजच्या अंकात उरलेली चाळीस नावं हायेत म्हणं,’’ मामा म्हणाले.

‘‘असतील. मी काय वाचत नाही.’’

मामांनी पेला त्याच्यापुढे ठेवला. पत्र्यापाशी गेले, खिशातून खडू काढला, पुन्हा आत आले. बोलताना त्यांनी माणसाकडे बघितलं नाही, स्टोव्हकडेच बघत होते.

‘‘मी रुपया गोळा करत होतो तरी त्यानं माझं नाव छापलं. माझी पावती कच्ची हाय, तेबी छापतोय. असल्या माणसाला तुमच्या शेठचं नाव गाळायला किती पैसे द्यावे लागतील, तुम्हीच हिशेब करा. मला तर जमला नाही.’’

माणसाने अर्धा चहा टाकून दिला. मोबाइल काढला, कोड स्कॅन केला. फळीवरच्या डब्याने दहा रुपये मिळाल्याचं मोठ्या आवाजात सांगितलं.

‘‘ओ साहेब,’’ मामांनी गाडीत बसणाऱ्याला हाक मारली, ‘‘आज गुरुवार हाय. एक राहिला.’’